गळ

पहिल्यांदा तोकुजीनं पाहिलं.
पहाटे खांबावर झेंडा चढला, की समुद्रातून आणलेला कोंबू
गोट्यांवर पसरायचा, पट्टीशेजारी पट्टी.
चाळीस वर्षं माझ्या ओळी वहीतल्यासारख्या सरळ.
त्या जुलैत वाकड्या झाल्या.
तो बोलला नाही. वाकून दोन पट्ट्या नीट केल्या
आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

छातीत कुणी इंजिन चालू ठेवून
दुकानात गेलं होतं, परत आलंच नाही.
जेवण दुप्पट, वजन निम्म्यावर यायला निघालेलं.
मार्चच्या बर्फात मी खिडकी उघडून झोपलेली.
सुनेवर ओरडले एका वाडग्यावरून,
मग रडले, त्याच वाडग्यावरून.

रिशिरीहून वाक्कानाई, बोटीचे पावणेदोन तास.
डॉक्टर ओनुमा माझ्या लेकीहून लहान.
गळ्याला बोटं लावून म्हणाली, गिळा.
म्हणाली, इथे फुलपाखराएवढी ग्रंथी असते.
मी आरशात पाहिलं. फुलपाखरू कसलं,
वाळूवर पालथी घातलेली होडी ती.

आधी गोळ्या. दीड वर्ष, कदाचित दोन.
एक हृदयाला लगाम घालायला,
एक ग्रंथीचा हात धरायला.
"ताप आला, घसा दुखला, तर सकाळची वाट बघू नका.
या गोळीनं कधी कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपतात."
"वादळात आमची बोट सुटत नाही," मी म्हटलं.
तिनं पेन खाली ठेवलं.
"मग गोळी थांबवा, आणि फोन तरी करा."

शस्त्रक्रियाही होती, साप्पोरोला.
ग्रंथीमागून आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी.
आणि झेंडा चढला हे भोंग्यावरून
गावाला सांगणारी मी.
"शंभरात एखाद्याचाच आवाज जातो."
"शंभर घरांचंच तर गाव आहे आमचं."

अकरा महिने गोळ्या. ओळी सरळ झाल्या.
मग एका रात्री ताप.
वादळ नव्हतं, सकाळची बोट मिळाली,
पण पेशी उतरल्या होत्या. गोळ्या बंद.

उरलं आयोडीन.
मी हसलेच. आयोडीन? ते तर आमच्या अंगणात वाळतं!
"ते नव्हे. किरण सोडणारं. ग्रंथी ते ओढून घेते
आणि आतून जळते. त्याआधी
दोन आठवडे कोंबू नाही, नोरी नाही,
कोंबूच्या पाण्याचं सूपसुद्धा नाही."
कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसलेला तोकुजी
तेव्हा पहिल्यांदा बोलला:
"भुकेला मासाच गळ गिळतो."
ओनुमा थांबली. "हो," म्हणाली,
"मला कधी इतकं सोपं सांगता आलं नाही."

दोन आठवडे.
कोठारात छतापर्यंत कोंबू रचलेला,
त्याचा वास उशीतसुद्धा,
आणि मी उकडलेल्या मुळ्यात चव शोधत होते.
रात्री गळ्यावर हात ठेवून वाटायचं,
जन्मभर समुद्रावर पोसलेल्या या जिवाला
मी फसवायला निघालेय.

कॅप्सूल शिशाच्या डबीत होती. देणारा दूर उभा राहिला.
पाण्याचा एक घोट. चव काहीच नाही.

घरी आठवडाभर वेगळी खोली.
कागदी दारापलीकडून चार वर्षांची कोहारु विचारायची,
"आजी, तू अंधारात चमकतेस का?"
"दिवा मालव आणि बघ."
ती मालवायची. बराच वेळ बघायची.
"थोडीशी," म्हणायची.

आता गळा शांत आहे. फार शांत.
ऑगस्टमध्येही पायमोजे लागतात.
ग्रंथी जे बनवायची ते आता गोळीतून,
रोज, मरेपर्यंत, उपाशीपोटी.
भोंग्यावर आवाज अजून माझाच आहे.
कधी कधी त्या माशाचं वाईट वाटतं,
विश्वासानं आला होता.

पहाटे गोळी घेते. तोकुजी पातेल्यात कोंबू टाकतो.
अर्धा तास काही खायचं नाही.
वास घेत बसते.